ठरण्याआधीचं गाणं

मे १९६५. लू रीड तेव्हा तेवीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कमधल्या पिकविक या स्वस्तातल्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीत तो पगारी गीतकार होता आणि बाजारात जे चालतंय त्या धर्तीची गाणी रोज पाडून देत होता. त्याच दिवसांत त्याने स्वतःसाठी लिहिलेली काही गाणी एका छोट्या स्पूल टेपवर गाऊन घेतली, टेप पाकिटात घातली, पाकीट सीलबंद केलं आणि आपल्याच नावाने घरच्या पत्त्यावर टपालात टाकलं. वकिलाला द्यायला पैसे नसलेल्या गीतकारांची ही जुनी युक्ती होती. गाणी आपली आहेत आणि अमुक तारखेला ती तयार होती, याचा पुरावा म्हणजे पोस्टाचा शिक्का. पाकीट घरी आलं. रीडने ते आयुष्यभर उघडलं नाही. २०१३ मध्ये तो वारला, त्याच्या कार्यालयातलं सामान लावताना ते पाकीट सापडलं, आणि २०२२ मध्ये ती टेप ‘वर्ड्स अँड म्युझिक, मे १९६५’ या नावाने रेकॉर्ड म्हणून बाहेर आली.

टेपवर ‘आय एम वेटिंग फॉर द मॅन’ आहे, ‘हेरॉइन’ आहे, ‘पेल ब्लू आइज’ आहे. यातली पहिली दोन गाणी १९६७ मध्ये रीडच्या बँडच्या ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ या रेकॉर्डवर आली, तेव्हा त्यांचा आवाज जगात कुणाच्याच आवाजासारखा नव्हता. जॉन केलचा व्हायोला करवतीसारखा चालायचा, मो टकर उभ्याने ड्रम वाजवायची आणि सगळ्या वाद्यमेळाला शहरातल्या रात्रीची घरघर असायची. १९६५ च्या टेपवर यातलं काहीच नाही. गिटार आहे, माउथ ऑर्गन आहे, आणि लोकगीत गाणाऱ्या दोन पोरांसारखे रीड आणि केल सूर जुळवून गातायत. प्रत्येक गाण्याआधी रीड शाळेत कविता म्हणण्याआधी सांगावं तसं गाण्याचं नाव सांगतो आणि शब्द व संगीत आपलं असल्याचं जाहीर करतो. गाण्यात नशेचा माल आणायला निघालेला तोच माणूस आहे, शब्दही जवळपास तेच आहेत. पण गाणं बॉब डिलनच्या अंगणात बसून लिहिल्यासारखं वाटतं. मूळ रेकॉर्ड ज्यांना पाठ आहे, ते ही टेप ऐकून दचकतात.

हे दचकणं हाच या पुस्तकाचा विषय आहे.

डेमो म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. गाणं सुचल्यावर ते विसरू नये म्हणून, बँडमधल्या बाकीच्यांना चाल कळावी म्हणून, किंवा रेकॉर्ड कंपनीला, निर्मात्याला, दुसऱ्या गायकाला ऐकवता यावं म्हणून केलेलं कामचलाऊ ध्वनिमुद्रण. ते विकण्यासाठी नसतं. त्यात शब्द अर्धे असतात, जिथे शब्द सुचलेले नाहीत तिथे नुसतं गुणगुणणं असतं, मागे कुणीतरी खोकतं, दार वाजतं. जपून ठेवलेल्या खासगी मैफलींच्या टेपा मराठी रसिकाला नव्या नाहीत. हिराबाईंचा, मन्सूरांचा, कुमारांचा अमुक घरातला मारवा किंवा तोडी अशी ख्याती असलेली ध्वनिमुद्रणं हातोहात फिरत आली आहेत. पण त्या मैफली पूर्ण असतात. गायक त्या रात्री जे गायचं ते गाऊन उठलेला असतो. डेमोत गाणारा अजून गायलाच बसलेला नाही. गाण्याला ध्रुवपद असावं की नसावं, इथपासून त्याला ठरवायचं आहे.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’चंच उदाहरण घ्यावं, कारण या गाण्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने ऐकता येतो. १९६६ च्या शरद ऋतूत जॉन लेनन स्पेनमधल्या अल्मेरिया इथे रिचर्ड लेस्टरच्या ‘हाउ आय वन द वॉर’ या चित्रपटात काम करत होता. बीटल्सनी त्याच ऑगस्टमध्ये जाहीर कार्यक्रमांचे दौरे थांबवले होते आणि चित्रीकरणात वाट बघण्यात बराच वेळ जायचा. त्या रिकाम्या वेळात लेनन एक गाणं घेऊन बसला. तिथल्या सर्वांत जुन्या टेपवर एकच कडवं आहे. ध्रुवपद नाही, म्हणजे ज्या नावाने गाणं जग ओळखतं ते नावच अजून त्यात नाही. लिव्हरपूलच्या वुल्टन भागातल्या त्या नावाच्या अनाथाश्रमाची बाग अजून गाण्यात आलेली नाही. आहे तो फक्त आपण इतरांसारखे नाही हे चाचपडत सांगणारा एक माणूस. आज जे दुसरं कडवं म्हणून ऐकू येतं, त्याचंच ते पहिलं रूप.

इंग्लंडला परतल्यावर वेब्रिजच्या घरी लेननने ते पुन्हा टेप केलं, आणि तोपर्यंत ध्रुवपद आलेलं होतं. २४ नोव्हेंबर १९६६ ला ईएमआयच्या स्टुडिओत पहिला टेक झाला. पॉल मॅकार्टनी मेलोट्रॉनवर बसला. या टेकमध्ये गाणं अजूनही कडव्यापासूनच सुरू होतं; थेट ध्रुवपदाने दार उघडायचं, हा निर्णय त्यानंतरचा. मग सातवा टेक झाला आणि तो लेननला आवडला. मग आवडेनासा झाला. निर्माता जॉर्ज मार्टिनने ट्रंपेट आणि चेलो घालून गाणं नव्याने बांधलं. तेही लेननला आवडलं, पण पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट मिळून एक गाणं करता येईल का, असं त्याने विचारलं. दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमीजास्त करून, कात्रीने कापून ते जोडलं. हा जोड साधारण साठाव्या सेकंदाला येतो. एकदा तो ऐकू आला की नंतर दर वेळी ऐकू येतो. चेलो शिरतात आणि हवा दाट होते.

रेकॉर्ड फेब्रुवारी १९६७ मध्ये आली. ती ऐकताना गाणं आकाशातून आख्खंच्या आख्खं पडल्यासारखं वाटतं. अल्मेरियाची टेप ऐकल्यावर हा समज टिकत नाही, आणि त्याने गाण्याचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. उलट दर टप्प्यावर काय काय झालं असतं आणि झालं नाही, हे कळतं. ध्रुवपद आलंच नसतं तर? लेननने सातव्या टेकवर समाधान मानलं असतं तर? लोकप्रिय गाण्याला ओळखीमुळे एक अटळपणा येतो. ते असंच असणार होतं, असं वाटायला लागतं. डेमो तो अटळपणा काढून घेतो आणि गाण्यामागची माणसं, त्यांची धरसोड, त्यांचा हट्ट आणि त्यांचं नशीब पुन्हा समोर आणून ठेवतो. डेमोचं खरं आकर्षण इथे आहे.

‘डेमोच खरा, रेकॉर्ड म्हणजे नंतरचा थाटमाट’ हे मत रॉक ऐकणाऱ्यांत फार लवकर रुजतं. ते तपासून घ्यायला हवं. अल्मेरियाची टेप हृदयाला भिडते हे खरं. पण कुणी ती रेकॉर्डपेक्षा श्रेष्ठ म्हणत असेल तर तो साधेपणाला सच्चेपणा समजतोय. त्या गाण्याला मेलोट्रॉनची धुकट बासरी हवी होती, चेलो हवे होते, ती कात्रीही हवी होती. डेव्हिड गिलमूरने १९७८ च्या सुमारास केलेला ‘कम्फर्टेबली नम’चा डेमो २०१२ मध्ये ‘द वॉल’च्या मोठ्या संचातून बाहेर आला. त्यात काही सूर आणि त्यांवरून फिरणारी शब्दहीन गुणगुण आहे, बाकी काही नाही. पुढे रॉजर वॉटर्सचे शब्द आले, मायकेल केमनचा वाद्यवृंद आला आणि शेवटचं गिटारवादन आलं, तेव्हा ते गाणं झालं. याउलट वॉटर्सचा ‘मनी’चा घरगुती डेमो ऐकावा. सात मात्रांची ती लंगडत चालणारी चाल पहिल्यापासून तिथे आहे. रूपक ऐकून कान तयार झालेल्या माणसाला ती लगेच सापडते. नाण्यांच्या खणखणाटाची फितही वॉटर्सने घरीच, बागेतल्या शेडमध्ये जुळवली होती. म्हणजे एका गाण्याचा सांगाडा डेमोतच उभा होता आणि दुसऱ्याचा फक्त श्वास होता. प्रत्येक गाण्याचा हिशेब वेगळा, आणि म्हणून प्रत्येक डेमो वेगळा ऐकावा लागतो.

आणि मग ‘नेब्रास्का’ आहे, जिथे डेमो जिंकला.

१९८१ संपताना ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात राहत होता. स्टुडिओत बँडला घेऊन गाणी शिकवत बसलं की वेळ आणि पैसा दोन्ही जातात, म्हणून आधी घरीच गाणी टेप करून आणावीत, असा त्याचा साधा व्यावहारिक विचार होता. त्याच्या मदतनीसाने त्याला टीॲकचं ‘१४४ पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र आणून दिलं. हे यंत्र १९७९ मध्ये बाजारात आलं आणि त्याने घरगुती ध्वनिमुद्रणाची सगळी गणितं बदलली. साध्या स्टिरिओ कॅसेटवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे आणि दोन उलटवल्यावरचे. पोर्टास्टुडिओ चारही पट्टे एकाच दिशेने वापरतो, शिवाय टेप दुप्पट वेगाने पळवतो. म्हणजे दोन पट्ट्यांवर गळा आणि गिटार घेऊन ठेवायची, मग ते ऐकत ऐकत उरलेल्या दोन पट्ट्यांवर दुसरी गिटार, हार्मोनिका, डफलीसारखं काही वाजवायचं. जे आधी स्टुडिओत जाऊन तासाच्या भाड्याने करावं लागायचं, ते झोपायच्या खोलीत करता येऊ लागलं.

३ जानेवारी १९८२ या एका दिवसात बहुतेक गाणी झाली. शुअर कंपनीचे एसएम-५७ हे साधे मायक्रोफोन दोन होते. मिश्रण करताना आवाज एकोप्लेक्स या प्रतिध्वनीच्या यंत्रातून फिरवला आणि पॅनासोनिकच्या एका जुन्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला. तीच कॅसेट. ती स्प्रिंगस्टीन कित्येक दिवस डबीशिवाय, नुसती खिशात घालून हिंडत होता. वसंतात ई स्ट्रीट बँड न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत जमला आणि ती गाणी पूर्ण वाद्यांनिशी वाजवून पाहिली गेली. वादक अव्वल होते, स्टुडिओ अव्वल होता. पण १९५८ मधल्या नेब्रास्का राज्यातल्या खुनांबद्दल बोलणारा तो थंड, रिकामा आवाज, अपराधी भावाला जाऊ देणारा हायवेवरचा पोलीस, अटलांटिक सिटीला नशीब काढायला निघालेला कर्जबाजारी तरुण, ही माणसं बँडच्या गजरात दिसेनाशी झाली. एकटं असणं हा त्या गाण्यांचा विषयच होता आणि सहा-सात जण मिळून एकटेपणा वाजवता येत नाही.

शेवटी ठरलं की ती कॅसेटच रेकॉर्ड म्हणून काढायची. हे बोलायला सोपं होतं. कॅसेटवरचा आवाज इतका मंद आणि विस्कटलेला होता की त्यावरून रेकॉर्ड कापताना सुई नीट चालेना; अनेक ठिकाणी अनेकांनी प्रयत्न केल्यावर ते जमलं. ‘नेब्रास्का’ ३० सप्टेंबर १९८२ ला आली, त्यासाठी स्प्रिंगस्टीनने दौरा केला नाही, तरी ती अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. बँडसोबतच्या त्या प्रयत्नांबद्दल चाहते चाळीस वर्षं तर्क करत होते. २०२५ मध्ये ते विस्तारित संचातून बाहेर आले. ते ऐकल्यावर कॅसेट निवडण्याचा निर्णय बरोबर होता, याबद्दल शंका उरत नाही.

पण त्याच जानेवारीतल्या कामात आणखी एक गाणं होतं: ‘बॉर्न इन द यूएसए’. या गाण्याचा डेमो १९९८ च्या ‘ट्रॅक्स’ या संचात आहे आणि रॉकच्या इतिहासात त्याच्याइतका बोलका डेमो क्वचितच असेल. १९८४ ची रेकॉर्ड सगळ्यांना ठाऊक आहे. रॉय बिटनचा सिंथेसायझर तुतारीसारखा वाजतो, मॅक्स वाइनबर्गचा ड्रम तोफेसारखा पडतो, स्टेडियममधली माणसं मूठ वर करून ओरडतात. व्हिएतनामहून परतलेल्या आणि कुठेच थारा न मिळालेल्या सैनिकाची ती कैफियत आहे, पण त्या गजरात ती देशाच्या गौरवाचं गीत म्हणून ऐकली गेली. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या सभेत स्प्रिंगस्टीनचं नाव कौतुकाने घेतलं. डेमोत तोच माणूस रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर एकटा बोलतोय. त्यात गौरव शोधणं कुणालाही शक्य नाही. तरीही ती रेकॉर्ड चुकली असं म्हणता येत नाही. त्या आवाजाच्या प्रचंडपणात संतापही आहे, आणि तो लाखोंपर्यंत पोचला. दोन्ही ऐकल्यावर एकच गाणं दोन परस्परविरोधी कामं कशी करू शकतं, ते समजतं.

काही डेमो पक्क्या गाण्याच्या पोटातच राहतात, आणि यातल्या सर्वांत प्रसिद्ध उदाहरणाची एक मुळी महाराष्ट्रात आहे. ‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड साठच्या दशकाच्या शेवटी मेहेरबाबांचा अनुयायी झाला. मेरवान शहरियार इराणी हे त्यांचं मूळ नाव. जन्म १८९४ चा, पुण्याचा. शिक्षण डेक्कन कॉलेजात. जुलै १९२५ पासून जानेवारी १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत मौन. त्यांची समाधी नगरजवळच्या मेहेराबादला आहे. टाउनशेंडने आपल्या घरच्या स्टुडिओत लाउरी ऑर्गनवर एक आवर्तन वाजवून ठेवलं होतं. त्या ऑर्गनला एक सोय होती, सूर दाबून धरला की तो आपोआप मरिंबासारखा तुटक तुटक, पुन्हा पुन्हा वाजायचा. त्याच्या डोक्यात होतं ते मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली, आणि दोघांच्या नावांतून गाण्याचं नाव झालं ‘बाबा ओ’रायली’. बँड स्टुडिओत आला तेव्हा तो घरचा ऑर्गन पुन्हा वाजवायचा प्रश्नच आला नाही. डेमोची टेप लावली गेली आणि कीथ मूनचे ड्रम्स, जॉन एंटविसलचा बास, रॉजर डाल्ट्रीचा गळा तिच्यावर चढवला गेला. १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’वर आजही सुरुवातीला जे ऐकू येतं, ते एका माणसाने एकट्याने घरी बसून केलेलं काम आहे. नुसत्या ऑर्गनचं जवळपास दहा मिनिटांचं रूप मेहेरबाबांच्या भक्तांसाठी काढलेल्या ‘आय ॲम’ या १९७२ च्या रेकॉर्डवर आहे. ते नाव ‘बाबा’ने का सुरू होतं, याचा पत्ता आपल्या नगर जिल्ह्यात आहे हे अनेक मराठी रॉकप्रेमींना माहीत नसतं. माहीत असायला हवं.

टाउनशेंडने पुढे १९८३ मध्ये ‘स्कूप’ नावाने आपले डेमो स्वतःच बाजारात आणले. कलावंताने आपली कच्ची वही आपल्या हाताने उघडून दाखवावी, याची ती ठळक सुरुवात. दहा वर्षांनी पी. जे. हार्वेने ‘रिड ऑफ मी’ नंतर काहीच महिन्यांत ‘४-ट्रॅक डेमोज’ काढली, आणि स्टीव्ह अल्बिनीने स्टुडिओत घेतलेल्या धारदार आवाजाच्या शेजारी तीच गाणी घरच्या टेपवर कशी होती, हे श्रोत्यांना लगेच पडताळता आलं.

डेमोला पोटापाण्याचीही एक बाजू आहे. १९७७ मध्ये डायर स्ट्रेट्सने लंडनच्या पाथवे या छोट्या स्टुडिओत काही गाणी टेप केली. त्यात ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ होतं. सल्ला घ्यावा म्हणून टेप बीबीसी रेडिओ लंडनच्या चार्ली गिलेटला दिली, तर त्याने ती थेट कार्यक्रमात वाजवली आणि कंपन्यांचे फोन सुरू झाले. कर्ट कोबेनच्या बँडने २३ जानेवारी १९८८ ला सिॲटलच्या रेसिप्रोकल स्टुडिओत जॅक एंडिनोपुढे एका दुपारीत दहा गाणी वाजवली. एंडिनोने ती टेप सब पॉप कंपनीपर्यंत पोचवली, आणि त्यातली काही मुद्रणं ‘ब्लीच’ या पहिल्या रेकॉर्डवर तशीच गेली. तर मॅकार्टनीने २४ जुलै १९६९ ला एका तासाच्या आत, सगळी वाद्यं स्वतः वाजवून ‘कम अँड गेट इट’ टेप केलं, बॅडफिंगर या बँडच्या हाती दिलं आणि सांगितलं की हे असंच करा, काही बदलू नका. त्यांनी तसंच केलं आणि गाणं चाललं. डेमो इथे हुकूम आहे, आणि दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकली तर हुकूम किती तंतोतंत पाळला गेला ते कळतं.

आता अवघड प्रश्न. जे कुणी ऐकावं म्हणून केलेलंच नव्हतं, ते ऐकण्याचा हक्क श्रोत्याला कुठून मिळतो?

१९६७ च्या उन्हाळ्यात बॉब डिलन आणि पुढे ‘द बँड’ म्हणून ओळखले गेलेले त्याचे साथीदार न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट सॉगर्टीज इथल्या एका गुलाबी घराच्या तळघरात जमत होते. टेप सांभाळायचा गार्थ हडसन. यातली काही गाणी दुसऱ्या गायकांनी घ्यावीत म्हणून प्रकाशकामार्फत फिरवली गेली. मॅनफ्रेड मॅनने ‘माइटी क्विन’ घेतलं आणि १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. पण टेपा झिरपल्या. १९६९ मध्ये लॉस एंजलिसमध्ये कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाची चोरटी रेकॉर्ड आली. रॉकमधल्या चोरट्या रेकॉर्डींची सुरुवात तिच्यापासून धरतात. अधिकृत ‘द बेसमेंट टेप्स’ १९७५ मध्ये आली, आणि सगळी टेप, १३८ मुद्रणांची, २०१४ मध्ये. पन्नास वर्षांनी रेडिओहेडवर तीच वेळ आली. २०१९ मध्ये ‘ओके कॉम्प्युटर’च्या काळातल्या अठरा तासांच्या मिनीडिस्क चोरीला गेल्या. खंडणी देण्याऐवजी बँडने त्या स्वतःच अठरा दिवसांसाठी अठरा पौंडांना विकायला ठेवल्या आणि पैसे एक्स्टिंक्शन रिबेलियन या पर्यावरण चळवळीला दिले. चोरीला याहून चांगलं उत्तर सुचवता येणार नाही.

लू रीडने आपलं पाकीट उघडलं नाही, पण फेकलंही नाही. जॉन लेननने डकोटा इमारतीतल्या घरी पियानोवर गायलेलं ‘नाउ अँड देन’ कॅसेटवरच राहिलं होतं. योको ओनोने ते १९९४ मध्ये मॅकार्टनीकडे दिलं, तेव्हा पियानो आणि गळा वेगळे करता येईनात आणि टेपची घरघर जाईना, म्हणून ते बाजूला पडलं. पीटर जॅक्सनच्या चमूने तयार केलेल्या तंत्राने लेननचा गळा सुटा झाला आणि गाणं नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. तंत्राची करामत थक्क करणारी आहे. तरीही ज्यांनी ती घरघरीची मूळ कॅसेट ऐकली आहे, त्यांतल्या अनेकांना तीच अधिक जवळची वाटते. त्यात लेनन खोलीत एकटा आहे आणि आपण पुढे काय गाणार हे त्याला अजून माहीत नाही.

दुसरी तक्रार व्यापाराची. गाजलेल्या रेकॉर्डला चाळीस, पन्नास वर्षं झाली की मोठा संच निघतो आणि त्यात भरताड म्हणून तळातलं सगळं खरवडून घातलं जातं. एकाच गाण्याचे सहा जवळपास सारखे टेक कुणाच्याही ज्ञानात भर घालत नाहीत. पण ‘व्हाइट अल्बम’च्या २०१८ च्या संचातल्या एशर डेमोंना हा आक्षेप लागू नाही. मे १९६८ मध्ये ऋषिकेशहून परतलेले बीटल्स सरे परगण्यात एशर इथल्या जॉर्ज हॅरिसनच्या घरी जमले आणि चार ट्रॅकच्या अँपेक्स यंत्रावर त्यांनी २७ गाणी टेप केली. भांडणं अजून सुरू व्हायची होती. टाळ्या, हसू, अकौस्टिक गिटारी. त्यात लेननचं ‘चाइल्ड ऑफ नेचर’ आहे, ऋषिकेशच्या वाटेवर सुचलेलं, डोंगर आणि आकाश बघून सुखावलेल्या माणसाचं गाणं. ‘व्हाइट अल्बम’वर ते आलं नाही. तीन वर्षांनी तीच चाल ‘इमॅजिन’ या रेकॉर्डवर ‘जेलस गाय’ म्हणून आली, मत्सराने बायकोला दुखावलेल्या नवऱ्याची माफी म्हणून. चालीत दोन्ही मावत होतं. हिमालयाच्या पायथ्याचं समाधान आणि घरातला पश्चात्ताप एकाच सुरावटीत बसू शकतात, हे त्या एशरच्या टेपेखेरीज कुणाला पटलं असतं?

पुढच्या प्रत्येक प्रकरणात एकच गाणं घेतलं आहे आणि त्याच्या टेपा ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने ऐकल्या आहेत. कुठे डेमोची बाजू घेतली आहे, कुठे रेकॉर्डची. वाचकाने हे निवाडे मान्य करायलाच हवेत असं नाही, पण ते न ऐकता अमान्यही करू नयेत. एका संध्याकाळी ‘ट्रॅक्स’मधलं ‘बॉर्न इन द यूएसए’ ऐकावं आणि लगेच १९८४ ची रेकॉर्ड लावावी. मग ‘चाइल्ड ऑफ नेचर’ आणि त्यामागोमाग ‘जेलस गाय’. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून. कॅसेटवरून आलेला आवाज मुळात दबका असतो, तेव्हा तो थोडा वाढवून ठेवावा. पुढची पानं त्यानंतर वाचली तरी चालतील.